घरभराचं एकच कार्ट

"अकराच्या अकरा साड्या मी आनते. बाजारात पाय न ठेवता, आन घरात कोनाले न विचारता," असं रुक्माबाई खोब्रागडे महिला मंडळाच्या बैठकीत म्हणाली आणि चहाचा कप तिनं असा खाली ठेवला, की साड्या जणू घडी होऊन कपाटात गेल्यासुद्धा.

बुद्धपौर्णिमेला विहारात वंदनेसाठी अकरा बाया पुढं उभ्या राहतात. सगळ्यांची साडी एकसारखी पांढरी, काठ निळा. ही साडीखरेदी आजवर कमलिनीबाईकडं असायची. ती चार दुकानं पालथी घालायची, कापड चिमटीत धरून उजेडात पाहायची आणि खरेदीची कथा पुढच्या पौर्णिमेपर्यंत सांगायची. यंदा तिचा गुडघा धरला होता. रुक्माबाईला एवढी फट पुरली.

"मोबाइलवरचं कापड हाताले लागते का, रुक्माबाई?" कमलिनीबाईनं विचारलं.

"हाताले लागून तुमी मागच्या साली आनली, ती पयल्या धुन्यात मच्छरदानी झाली."

बाया हसल्या. कमलिनीबाई हसली नाही. "मंग ठीक आहे," ती म्हणाली. "पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आमी तुमच्या घरी साड्या घ्याले येतो. सगळ्याजनी. पाहू तुमच्या मोबाइलचं."

म्हणजे झालं. बेचाळीस बायांसमोर शब्द गेला होता. साड्या आल्या तर हुडको कॉलनीत रुक्माबाईच्या नावाचा डंका, आणि नाही आल्या तर कमलिनीबाईच्या तोंडाला पुढची दहा वर्षं दुसरा विषय नको.

आता ही बाई मोबाइलच्या भरवशावर एवढं बोलली कशी, ते सांगायला पाहिजे. कारण लॉकडाऊनच्या आधी रुक्माबाई ऑनलाइन खरेदीचं नाव काढलं तरी नाक मुरडायची. ती बाजारात जाऊन भेंडीची शेपटी मोडून पाहायची, साबण हुंगायची, बंद पुड्यातलं मीठसुद्धा कानाशी हलवून पाहायची. शाळेत ती दोन वर्षं गेली होती, तीही शेण्या थापून उरलेल्या वेळात. पण दुकानदाराच्या डोळ्यात पाहून ती मालाचं वय सांगायची.

मग सगळं बंद झालं. नातीनं, म्हणजे मोनालीनं, पहिला पुडा ऑनलाइन मागवला तो बिस्किटांचा होता. रुक्माबाईनं तो साबणानं धुतला, दोरीवर चिमटे लावून वाळवला, आणि दोन दिवसांनी घरादाराला फेसाची बिस्किटं खायला घातली. महिनाभरात मात्र तिनं मोबाइलमधला तो माइक शोधून काढला. लिहायचं नाही, वाचायचं नाही, नुसतं बोलायचं. आणि बोलायच्या बाबतीत रुक्माबाईला कधी कोणाची मदत लागली नव्हती. त्या मोबाइलशी ती भाजीवाल्याशी बोलावं तशी बोलायची. "ओ, चिमटा दाखव. हा नाही. मोठा. अरे, कपड्याचा नाही, पोयी भाजायचा."

आणि गंमत अशी, की साथ गेली तरी ती मोबाइल सोडेना. ज्यांनी तिला शिकवलं ती जवान माणसं मात्र पळाली. सून सुजाता पुन्हा बाजारात जाऊ लागली. दोन वर्षं घरात बसून तिचं डोकं इतकं पिकलं होतं, की सुई घ्यायलाही ती रिक्षा करून जायची. मोनालीचं तिसरंच. ती वस्तू मागवायची ती परत करायलाच. आणि रुक्माबाईचे यजमान कवडू, ते काहीच विकत घेत नसत. ते नुसते मोबाइलमधल्या दुकानांत फेरफटका मारत. सकाळी फिरायला जाण्याऐवजी.

घरात खातं मात्र एकच, लॉकडाऊनमध्ये उघडलेलं, कवडूच्या नावाचं. चार मोबाइल आणि त्या चारांत एकच कार्ट. ज्याला जे आवडलं ते त्यानं त्यात टाकायचं. कवडूनं चौतीस वर्षं स्टील प्लँटच्या स्टोअरमध्ये काढली होती. तिथं साधा नट पाहिजे असला तरी इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, भरावं लागे, त्यावर तीन सह्या लागत, आणि तिसरी सही कवडूची असे. रिटायर होऊन हुडकोत घर बांधलं, पण स्टोअर काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. घरातही त्यांनी नियम केला. आठवडाभर कार्टात टाका, ते तुमचं इंडेंट. रविवारी नाश्ता झाला की कवडू चष्मा लावून बसत आणि एकेकाला पुकारत.

"मोनाली. पँट तीन. कारन?"

"आजोबा, पँट एकच है. साइज तीन मँगाते हैं, जो फिट आएगी वो रख लेंगे."

"प्लँटमधी मी असे तीन बेअरिंग मागवले असते त साहेबानं मलेच परत केलं असतं. नामंजूर. सुजाता, हे बिना तेलाचं तळायचं यंत्र. कारन?"

"बाबा, मी घेत नाही आहे. भाव उतरते का म्हनून पाहून राहिली."

"मंग राहू द्या पेंडिंग."

त्यांची स्वतःची दुर्बीण दोन वर्षांपासून पेंडिंग होती. शनीची कडी दिसते म्हणे. दर रविवारी ते स्वतःला कारण विचारत, आणि समाधानकारक उत्तर न आल्यानं नामंजूर करत.

या दरबारात अकरा साड्या घेऊन जायचं म्हणजे आधी नवरा हसणार, मग सून विचारणार, मग नात म्हणणार, आजी, मी करून देते. आणि रुक्माबाईनं तर बायांसमोर सांगितलं होतं, घरात कोणाला न विचारता. शिवाय याचं इंडेंट मंजूर होईस्तोवर पौर्णिमेची अमावस्या झाली असती.

म्हणून मंगळवारी दुपारी, कवडू कूलरसमोर घोरत असताना, तिनं मोबाइल उचलला आणि माइकला म्हणाली, "पांढरी साडी. निळा काठ. सुती. आन फसवू नको."

साडी आली. एका पोरीनं नेसली होती, कमरेवर हात ठेवून उभी होती, जशी काही घरातली सगळी भांडी तिनंच घासली. रुक्माबाईला साडी पसंत पडली. अधिकच्या खुणेवर बोट ठेवून तिनं अकरा आकडा आणला. आकडे तिला येत होते, आकड्यात तिला आजवर कोणी फसवलं नव्हतं. पुढं मोबाइलनं एक लांबलचक पान दाखवलं. साडीच्या खाली ते तळायचं यंत्र, त्याखाली तीन पँटी, त्याखाली दुर्बीण, मग पायाला मालिश करायचं मशीन, मग मासे पकडायचा गळ.

"जाहिराती," रुक्माबाई मनात म्हणाली. टीव्हीवरही सिरियलमधी घुसतातच.

आणि तिनं पिवळं बटन दाबलं.

पैसे माल घरी आल्यावर द्यायचे, हे मोबाइलमध्ये आधीपासून ठरलेलं होतं. वरून हिरवी बरोबरची खूण आली. रुक्माबाईनं मोबाइल जागेवर ठेवला, कवडूच्या अंगावरची सरकलेली चादर नीट केली, आणि स्वतःसाठी चहा टाकला. तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं, की प्लँटच्या भट्टीसमोरही ते उठून दिसलं असतं.

बुधवारी संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा मोनालीनं मोबाइल पाहता पाहता घास तसाच धरला.

"आजोबा, आपने सब ऑर्डर कर दिया क्या?"

"कोनी? मी?"

"पूरा कार्ट गया है. टेलिस्कोप भी."

कवडूनं मोबाइल घेतला, जवळ नेला, लांब नेला. चौतीस वर्षांत त्यांच्या सहीशिवाय स्टोअरमधून खिळा गेला नव्हता. "हे कोनं केलं?" त्यांनी विचारलं. आवाज मात्र पाहिजे तितका चढला नाही, कारण दुर्बीण येऊन राहिली होती.

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. रुक्माबाईनं भाताकडं पाहिलं. त्या जाहिराती जाहिराती नव्हत्या, हे तिच्या ध्यानात आलं होतं. पण चूक कबूल करणं ही गोष्ट तिनं लग्न झाल्यापासून केली नव्हती, आणि आता सवय लावून घ्यायचं वय नव्हतं.

"आई, तुमी त नाही ना काही दाबलं?" सुजातानं हळूच विचारलं.

"मी? मले काय करायचं त्या दुर्बिनीचं? मले शनी घरातच दिसते."

"आन या साड्या? पांढऱ्या. अकरा."

इथं खरं म्हणजे सांगायला पाहिजे होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण कवडू पाहत होते, आणि त्यांच्या मिशीखाली ते हसू तयार होत होतं जे रुक्माबाई ओळखून होती. तेच हसू तिनं पहिल्यांदा कुकर उडवला तेव्हाचं.

"माझं त्यात काहीच नाही," ती म्हणाली. "जे चुकीचं असन ते काढून टाका. मले विचारू नका."

आणि ती ताट उचलून गेली. मनात तिचा हिशेब साधा होता. पँट, यंत्र, दुर्बीण काढतील. साड्यांना कोण हात लावते.

पण माणसाचा स्वभाव पाहा. जेवणं झाली, टीव्ही लागला, आणि तीन जण तीन कोपऱ्यांत आपापला मोबाइल घेऊन बसले. कवडूनं दुर्बीण काढायला बोट नेलं आणि विचार केला, चूक आपली नाही, आपोआप आली, येऊ द्यावी. मालिशचं मशीन तर औषधच. गळही राहू दे, शिवनाथ नदीवर कधी गेलो तर. सुजातानं तळायच्या यंत्राकडं पाहिलं, भाव उतरला नव्हता, पण आता कोणाला कारण द्यायचं नव्हतं. मोनालीच्या तीन पँटी तर परत जाणारच होत्या. मग चुकीचं उरलं काय? अकरा पांढऱ्या साड्या. ज्यांचं घरात कोणी नाही, ज्यांच्याकडं पाहूनच कळावं की मशीन बिघडलं. तिघांनीही, एकमेकांना न सांगता, त्या साड्यांवर कॅन्सल दाबलं. मोबाइलनं तिघांनाही सांगितलं, विनंती मिळाली. तिघंही आपण घराची केवढी मोठी चूक निस्तरली या समाधानात झोपले.

शुक्रवारी पार्सलं यायला लागली. रुक्माबाई सकाळपासून फाटकाशी खुर्ची टाकून बसली, बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. प्रफुल आला. हा प्रफुल आधी रसमड्याच्या कारखान्यात होता, लॉकडाऊनमध्ये ते काम सुटलं तेव्हापासून हुडको आणि कोहका या दोन वस्त्या त्याच्या पाठीवरच्या पिशवीत असतात. कोणाच्या घरात काय येते हे त्याला जेवढं माहीत, तेवढं त्या घरालाही माहीत नसावं.

"मावशी, मोठ्ठं आहे. संभाळून."

रुक्माबाईनं खोका हलवून पाहिला. साडी असा आवाज करत नाही. तळायचं यंत्र होतं. दुपारी लांबोडकं काही आलं, तिला वाटलं साड्या गुंडाळून पाठवल्या. निघाला गळ. संध्याकाळी मऊ पुडकं आलं, तिचा जीव भांड्यात पडला. त्यात तीन पँटी.

"आजी, मेरा है," म्हणून मोनाली ते घेऊन गेली आणि पंधरा मिनिटांत तीनही पँटी परत भरून बाहेर आली. एकही बसली नव्हती.

शनिवारी दुर्बीण आली. कवडू तिला नवरीसारखं आत घेऊन गेले. रुक्माबाई फाटकाशीच उभी राहिली.

"प्रफुल, बाबू, एक पाह्य बरं. आमच्या पत्त्यावर आनखी काही आहे का? कापडाचं?"

प्रफुलनं मोबाइल चाळला. "अकरा पीस होते मावशी. साडी. ते त बुधवारीच कॅन्सल झाले."

"कोनं केले?"

"तुमच्या घरूनच. तीन बार कॅन्सल मारलं आहे कोनीतरी. एवढं पक्कं कॅन्सल मी अजून पाह्यलं नाही."

रुक्माबाईनं फाटक लोटलं. ती आत आली, माठातलं पाणी प्यायली आणि पलंगावर बसली. ओरडायचं कोणावर? आपल्याच तोंडानं सांगितलं होतं, चुकीचं ते काढून टाका. आणि आता ओरडली तर साड्या कोणी मागवल्या ते निघणार, मग पिवळं बटन कोणी दाबलं ते निघणार. सोमवारी पौर्णिमा. उद्या संध्याकाळी बाया दारात. कमलिनीबाई सगळ्यांत पुढं, दुखरा गुडघा घेऊन, पण येणार.

त्या दुपारी रुक्माबाईनं घरात कोणालाच बोल लावला नाही. सुजाताच्या वरणात मीठ नव्हतं, तिनं ते खाल्लं. कवडूनं दुर्बीण डायनिंग टेबलावर मांडली, ती गप्प बसली. घरातली तीन माणसं घाबरली. या बाईला ताप असला तरी ती थर्मामीटरला दोन शब्द सुनावते.

चार वाजता ती उठली. कपाटातला जुना मास्क काढला. त्यावर कवडूचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा लावला. डोक्यावरून पदर घेतला, आणि "दळन टाकून येते" म्हणून निघाली. दळणाचा डबा मात्र घरीच राहिला.

हुडकोच्या मार्केटात आनंदरावाचं कापडाचं दुकान आहे. पूर्वी तिथं गादीवर बसलं की आनंदराव साड्यांचा ढीग घालायचे, चहा यायचा. रुक्माबाई पाच-सहा वर्षांत तिकडं फिरकली नव्हती. आत पाऊल टाकलं तर गादीच नव्हती. फळ्या अर्ध्या रिकाम्या, जमिनीवर खोके, आणि मधोमध आनंदराव दातानं चिकटपट्टी तोडत बसलेले.

"या मावशी. अजून मास्क लावता, चांगलं करता. काय देऊ?"

"पांढरी साडी दाखवा. निळा काठ. सुती."

आनंदरावांनी मोबाइल पुढं केला.

"मी दुकानात आली," रुक्माबाई मास्कमधून म्हणाली. "मोबाइलात नाही आली."

"दुकान आता यातच आहे मावशी. लॉकडाऊनमधी शटर बंद, घरी बसून करू काय? पोरगी म्हणे, बाबा, ऑनलाइन टाका. टाकलं. आता माझी साडी केरळात जाते, पण समोरच्या गल्लीतली बाई काही येत नाही." त्यांनी बोटानं चित्र सरकवलं. "हे पाहा. ही चालेल?"

तीच साडी. तीच कमरेवर हात ठेवलेली पोरगी. रुक्माबाईला वाटलं आता ही आपल्याला नावानं हाक मारते.

"हीच. अकरा द्या."

आनंदरावांच्या तोंडातली पट्टी तोंडातच राहिली. "या अकरा आकड्याला झालंय तरी काय? याच साड्यांची अकराची ऑर्डर होती मंगळवारी. सगळं काम सोडून पॅक केली, नाव चिकटवलं, आणि बुधवारी कॅन्सल. ते पाहा, पडलंय कोपऱ्यात. इथंच राहतो, हुडकोत. कोणी कवडू खोब्रागडे म्हणून आहे."

"असे लोक असतात," रुक्माबाई म्हणाली.

"म्हातारा असणार. रिटायर झाले, की हे लोक दिवसभर मोबाइल घेऊन बसतात, हे दाब, ते दाब. यांच्या घरात यांना कोणी विचारत नसेल का?"

"बायको बोलत असन. पन हा ऐकत नसन."

"बिचारी."

"हाव ना," रुक्माबाई मनापासून म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या जिवाला थंडावा मिळाला होता. मग ती भावावर आली. पाच-सहा वर्षांची तुंबलेली घासाघीस होती, ती सगळी त्या अकरा साड्यांवर निघाली. मोबाइलवाल्याला काय देता, पोचवायला काय देता, ते सगळं आता वाचलं ना, मग ते माझ्यात धरा. आनंदरावांच्या कपाळाला घाम आला, पण चेहरा खुलला. असं गिऱ्हाईक त्यांनी लॉकडाऊनपासून पाहिलं नव्हतं.

"उघडून दाखवतो," ते म्हणाले.

"उघडू नका. चिठ्ठीही काढू नका."

"कापड पाहत नाही? हात लावून?"

"फोटोत पाह्यलं ना आता," असं म्हणून, आयुष्यभर बंद पुड्यातलं मीठ हलवून पाहणारी ती बाई अकरा साड्यांचं बंद पार्सल काखोटीला मारून घरी आली. नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी वरच होती. कोणी पाहिलं असतं तरी ऑनलाइनच आलं म्हटलं असतं.

इकडं घरात मात्र गंमत झाली होती, ती रुक्माबाईला माहीत नव्हती. कवडूला फाटकाशी प्रफुलनं सांगितलं, "काका, साडीचं ऐकून मावशीचं तोंड एवढंसं झालं." कवडूला कळलं. त्यांनी दुर्बिणीकडं पाहिलं आणि त्यांना शरम वाटली. आपण आपला शनी ठेवला आणि बायकोची इज्जत कॅन्सल केली. ते संडासात गेले, कडी लावली आणि अकरा साड्या मागवल्या. सहीशिवाय. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

सुजाताला भाजीच्या ठेल्यावर मंडळाची एक बाई भेटली. "तुझ्या सासूनं काय ऐकवलं वो कमलिनीबाईले," म्हणून तिनं सगळा किस्सा सांगितला. सुजाताच्या हातातली वांगी परत टोपलीत गेली. घरच्या खात्यातून मागवलं तर सासूला दिसेल, म्हणून तिनं कोहक्याला माहेरी फोन लावला आणि आईच्या खात्यातून अकरा साड्या सासूच्या पत्त्यावर मागवल्या.

मोनालीनं आजीच्या मोबाइलमध्ये मंडळाच्या ग्रुपवर वाचलं, उद्या साड्या रुक्माबाईंच्या घरी मिळतील. मग मैत्रिणीला म्हणाली, "यार, अपना अकाउंट दे. मैंने आजी की बेइज्जती कर दी." अकरा.

तिघांनीही लवकर कोण पोचवते ते पाहिलं. लवकर पोचवणारं दुकान एकच होतं, हुडकोच्या मार्केटात. वैशाखात पांढऱ्या साड्यांच्या थप्प्या लावून ठेवणारं.

रविवारी संध्याकाळी बाया आल्या. अंगणात सतरंजी, माठाचं पाणी, आंब्याचं पन्हं. कमलिनीबाई गुडघा धरून खुर्चीवर बसली. रुक्माबाईनं पार्सल मधोमध ठेवलं, चिठ्ठी सगळ्यांना दिसेल अशी, आणि भाजी चिरायच्या विळीनं पट्टी कापली. आत साड्या होत्या. शुभ्र, काठ आकाशासारखा. कमलिनीबाईनं एक चिमटीत धरली, उजेडाकडं केली, चोळली, खालच्या ओठानं पाच मिनिटं विचार केला.

"कापड बरं आहे," ती म्हणाली.

रुक्माबाईनं हे वाक्य आयुष्यभर पुरेल असं मनात घडी करून ठेवलं. "मोबाइल आहे बाई," ती म्हणाली. "वापरता आला पायजे."

तेवढ्यात फाटक वाजलं. प्रफुल होता. तीन पार्सलं, एकावर एक.

"माझं आहे," म्हणत कवडू उठले.

"माझं आहे," म्हणत सुजाता स्वयंपाकघरातून धावली.

"मेरा है," मोनाली जिन्यावरून उतरली.

तिघं फाटकाशी एकमेकांवर आपटले. प्रफुल चिठ्ठ्या वाचून म्हणाला, "तिन्ही मावशीच्याच घरचे आहेत. साड्या आहेत. अकरा, अकरा आन अकरा."

पन्ह्याचा घोट घेतलेली एक बाई तो गिळायचं विसरली. रुक्माबाईनं तिघांच्या तोंडाकडं पाहिलं. कवडू दुर्बिणीतून पकडल्यासारखे उभे होते. सुजाता पदर पिळत होती. मोनालीचे डोळे भरले होते. रुक्माबाईला सगळं कळलं. तिनं हातातला पन्ह्याचा पेला एका दमात रिकामा केला.

"रुक्माबाई," कमलिनीबाई गोड आवाजात म्हणाली. "एवढ्या साड्या कोनासाठी? चुकून बटन जास्त दाबलं वाटते?"

"चुकून?" रुक्माबाई उभी राहिली. "मंडळात किती बाया आहेत?"

"बेचाळीस."

"मंग अकराजनी पुढं पांढऱ्या, आन मागं बाकीच्या रंगीबेरंगी, पतंगाच्या दुकानासारख्या. हे इतके वर्षं तुमाले कसं पाहवलं मले माहीत नाही. मले त पाहवलं नाही. या साली सगळ्याच पांढऱ्या. तुमच्यासकट. दोन उरतात, त्या माझी सून आन नात नेसतीन."

मोनालीनं तोंड उघडलं. रुक्माबाईनं तिच्याकडं पाहिलं. मोनालीनं तोंड मिटलं.

बाया खूश झाल्या. प्रत्येकीला आता पुढचीसारखीच साडी मिळत होती, आणि पैसे ज्याचे त्यानं द्यायचे हे तर दर वर्षीचंच होतं. पुढचा अर्धा तास अंगणात पदर फडफडत राहिले. कमलिनीबाईलाही साडी घ्यावी लागली. ती तिनं चिमटीत धरून पाहिली नाही.

"हे सगळं अचानक नाही ना ठरलं?" जाताना तिनं विचारलं.

"मी अचानक काही करत नाही," रुक्माबाई म्हणाली.

पौर्णिमेला विहार पाहण्यासारखा झाला. चव्वेचाळीस बाया, चव्वेचाळीस पांढऱ्या साड्या. भंतेजींनी धम्मदेशना केली. मग विहाराचा नवा सचिव अभिनव माइकवर आला. तो मोठा उत्साही माणूस, पण बायांना तो चेहऱ्यानं ओळखत नव्हता. "ज्या ताईंनी ही सुंदर कल्पना आणली, साड्यांची सगळी जबाबदारी एकटीनं पार पाडली, त्यांचं आपण फुलं देऊन स्वागत करू," तो म्हणाला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं, चष्मेवाली, पांढरी साडी, निळा काठ.

रुक्माबाई त्या वेळी मागच्या दारात मोनालीच्या निऱ्यांना पिना लावत होती, कारण त्या पोरीनं आयुष्यात साडी नेसली नव्हती. टाळ्यांचा आवाज आला तेव्हा तिनं पदर सारखा केला, चष्मा नाकावर चढवला, केस सारखे केले, आणि "चाल, मले बोलावून राहिले," म्हणून आत आली.

पहिल्या रांगेत चष्मा लावलेली कमलिनीबाई उभी होती. तिच्या हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ होता. ती दोन्ही हात जोडून इकडं तिकडं वाकत होती, आणि तिचा गुडघा एकदम बरा झाला होता.

रुक्माबाईनं तोंड उघडलं. पण तेवढ्यात भंतेजींनी वंदना सुरू केली, सगळ्यांचे हात जुळले, आणि त्या एकाच जागी रुक्माबाई मध्ये बोलू शकत नव्हती. तिनंही हात जोडले. डोळे मात्र मिटले नाहीत.

संध्याकाळी विहाराच्या ग्रुपवर मोठा फोटो आला. सगळ्या बाया, विहाराच्या पायऱ्यांवर, चार ओळीत. खाली अभिनवनं लिहिलं होतं, ते मोनालीनं वाचून दाखवलं नाही, नुसतं म्हणाली, "आजी, छोड़ो ना." त्यावरून काय लिहिलं असेल ते रुक्माबाईला कळलं.

कवडूनं मोबाइल घेतला. बायकोचं मन रमवायचं म्हणून त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, इकडून तिकडं सरकवला, पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा केला. शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला.

"रुक्मा," ते हळूच म्हणाले, "यातली तू कोनती?"

रुक्माबाईनं मोबाइल ओढून घेतला. पहिली ओळ पाहिली, दुसरी पाहिली, तिसरीत एक ठसठशीत बाई दिसली तिच्यावर बोट ठेवलं. ती शेजारच्या गल्लीतली राधाबाई निघाली. मग तिनं चौथी ओळ पाहिली. मग तिनं मोबाइल पालथा घातला आणि म्हणाली, "फोटोच चांगला नाही आला."

खरं सांगायचं तर फोटो चांगला आला होता. फक्त तिलाही ती सापडली नव्हती.